टू बीएचके रंगवायला नेमके किती दिवस? हजेरीचा आणि सुकण्याचा हिशोब

एकाच टू बीएचके फ्लॅटसाठी तीन ठेकेदार बोलवा. एक पाच दिवस सांगेल, दुसरा आठ, तिसरा ‘पंधरा धरून चाला’ म्हणेल. तिघंही खरं बोलत असू शकतात, कारण तिघं तीन वेगळ्या कामांचे दिवस सांगत असतात. पहिला आहे त्या भिंतीवर रंगाचे दोन हात (थर) मारून निघणार. दुसरा जिथे गरज आहे तिथे लप्पी (खड्ड्यांपुरती पुट्टी) भरून मग रंग देणार. तिसरा जुनं खरवडून सगळ्या घराला नवीन लांबी (भिंत गुळगुळीत करायची पुट्टी) भरणार. त्यामुळे ‘किती दिवस लागतील’ हा प्रश्न दुसरा. आधी विचारायचं ते ‘या दिवसांत काय काय करणार’ हे.

प्रत्यक्ष रंग द्यायला लागणारे दिवस फारच थोडे असतात. पूर्ण कामात दोन हातांच्या रंगाला साधारण सहा हजेऱ्या (माणसांचे दिवस) लागतात आणि त्याआधीच्या तयारीला त्याच्या चौपट-पाचपट. कुणी दिवस कमी करून देतो म्हटलं, तर ते तयारीतूनच कापले जातात.

क्षेत्रफळ आधी मोजा

रंगाचं काम कार्पेटवर (आतल्या फरशीच्या क्षेत्रफळावर) मोजलं जात नाही, भिंत आणि छतावर मोजलं जातं. १० बाय १२ ची खोली आणि साडेनऊ फूट उंची घ्या. चार भिंतींची मिळून लांबी ४४ फूट, त्याला ९.५ ने गुणलं की ४१८ चौरस फूट. ३ बाय ७ चा दरवाजा म्हणजे २१ आणि ४ बाय ५ ची खिडकी म्हणजे २०. हे वजा केले की उरले ३७७. त्यात छताचे १२० मिळवले की ४९७. थोडक्यात, १२० फुटांच्या खोलीत जवळजवळ ५०० फुटांचं काम निघतं.

सगळ्या घराचं प्रमाण मात्र चारपट येत नाही. बाथरूमला आणि ओट्यावर टाइल्स असतात, हॉलची एक बाजू खिडकीत जाते, वॉर्डरोबच्या मागची भिंत कुणी रंगवत नाही. सरासरी सव्वातीन ते साडेतीनपट धरावी. ६५० चौरस फूट कार्पेटच्या फ्लॅटला साधारण २,१०० ते २,२७५ चौरस फूट काम निघतं. पुढचा सगळा हिशोब २,१५० फुटांचा आहे.

मोजताना एक गोष्ट आधीच बोलून घ्या. कडा सांभाळायची मेहनत जास्त असते म्हणून बरेच ठेकेदार दरवाजा-खिडक्या वजा करत नाहीत. त्याने दिवस बदलत नाहीत, बिल बदलतं.

हजेरीत बोला

तीस जणांचं काम आणि तीस दिवसांचं काम यात फरक आहे, म्हणून ठेकेदाराशी हजेरीत बोलावं. एक माणूस एक दिवस, ही एक हजेरी. सरावलेला कारागीर बऱ्या स्थितीतल्या भिंतीवर एका दिवसात अंदाजे इतकं करतो: जुनं खरवडणं ५०० चौरस फूट, लांबीचा एक हात ३५० ते ४०० फूट, घासाई ४५० फूट, रोलरने प्रायमर (पकड देणारा खालचा थर) ९०० फूट, रंगाचा एक हात ७०० फूट. छत असेल तर यातले पंधरा-वीस टक्के कमी करा, कारण मान वर करून आणि शिडी-घोडी सरकवत काम चालतं.

आता २,१५० फुटांच्या संपूर्ण कामाची बेरीज. झाकपाक आणि सामान सरकवणं २, खरवडणं ४, भेगा भरणं १, लांबीखालचा प्रायमर साधारण अडीच, लांबीचा पहिला हात ६, दुसरा साडेपाच, घासाई ५, वरचा प्रायमर अडीच, रंगाचा पहिला हात ३, मधली लप्पी १, दुसरा हात ३, दरवाजे आणि ग्रिल साडेचार, शेवटची साफसफाई १. एकूण ४१ च्या आसपास. तीन माणसं असतील तर चौदा दिवस, चार असतील तर अकरा.

नुसतं पुन्हा रंगवायचं असेल, भिंत धरून असेल आणि जुना रंग इमल्शन (पाण्यात मिसळायचा प्लॅस्टिक पेंट) असेल, तर हीच बेरीज विसावर येते. झाकपाक २, हलकी घासणी आणि धुणं अडीच, लप्पी २, तिची घासाई १, लप्पीवर प्रायमर १, रंगाचे दोन हात ६, दरवाजे-ग्रिल साडेचार, सफाई १. तीन माणसांचे सात दिवस. दरवाज्यांना हात लावायचा नसेल तर पाच-सव्वापाच.

म्हणजे ‘पाच दिवस’ सांगणारा खोटं बोलत नाही. फक्त त्याच्या पाच दिवसांत लांबी नाही.

सुकण्याचं गणित वेगळं

माणसं दुप्पट केली म्हणून भिंत दुप्पट वेगाने सुकत नाही. आठ माणसं लावून टू बीएचके चार-पाच दिवसांत पूर्ण लांबीसह करून देण्याच्या गोष्टी इथेच फसतात.

पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचा पहिला हात निदान तीन तास सुकल्यावर दुसरा देता येतो, पण दुसऱ्या हातानंतर घासायला १० ते १२ तास थांबावं लागतं, म्हणजे रात्र जायलाच हवी. वॉटर बेस प्रायमरला तीन-चार तास. इमल्शनच्या दोन हातांत डब्यावर चार तास लिहिलेले असतात. ते साधारण ३० अंशांच्या आणि बेताच्या दमटपणाच्या हवेतले चार तास. जुलैत दादर-ठाण्याच्या हवेत ते आठ होतात आणि खिडकी न उघडणाऱ्या खोलीत दुसऱ्या दिवशीची वाट बघावी लागते. ऑइल पेंटला प्रत्येक हाताला रात्र द्यावीच लागते.

सुकण्याआधी दुसरा हात मारला तर काय होतं? खालच्या थरातलं पाणी वरच्या थराखाली अडकतं. महिन्या-दोन महिन्यांनी फुगे येतात, नाहीतर नखाने सोलता येईल असा पापुद्रा निघतो. ब्रशने खालचा रंग ओढला जातो आणि रेघा पडतात. त्याच दिवशी यातलं काही दिसत नाही, म्हणून पैसे देऊन झालेले असतात.

उलट त्रासही आहे. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांत रंग रोलरवरच सुकायला लागतो. आधीच्या पट्ट्यावर नवीन पट्टा चढला की तिथे जाड रेघ दिसते. तिकडे पश्चिमेची भिंत सकाळी उरकावी, काम चालू असताना पंखा बंद ठेवावा आणि भिंत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता संपवावी. मध्येच चहाला गेलेला कारागीर परत आला की जोड दिसणारच.

चौदा दिवस कसे जातात

रिकामं घर, तीन माणसं आणि पूर्ण लांबीचं काम असं धरू.

पहिल्या दिवशी स्विचबोर्डच्या प्लेट आणि पंख्यांच्या वाट्या खाली येतात, पडदे-रॉड निघतात, फरशीवर जाड प्लॅस्टिक किंवा पीओपीच्या रिकाम्या पिशव्या अंथरल्या जातात आणि खिडक्यांच्या स्लायडिंगला मास्किंग टेप लागते. दुपारनंतर खरवडायला सुरुवात. जुनं डिस्टेंपर (खडूच्या पुडीचा स्वस्त रंग) असेल तर पाण्याने भिजवून पत्र्याने (लोखंडी पातीने) पूर्ण काढायचं, यात सवलत नाही. डिस्टेंपर राहिलं आहे का हे ओळखायला कोरडा तळहात भिंतीवरून फिरवा. हाताला पांढरी पूड लागली तर त्यावर लांबी टिकणार नाही. लांबी डिस्टेंपरला धरते, पण डिस्टेंपर भिंतीला धरून नसतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात ताटाएवढे पोपडे खाली येतात.

जुना रंग धरून आहे का, हे पाहण्याची आणखी एक रीत म्हणजे कटरने फुली मारून त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीबरोबर रंग आला तर तो भाग खरवडायचा. ही तपासणी ठेकेदार घर बघायला येतो तेव्हाच करून घ्यावी. काम सुरू झाल्यावर ‘भिंत खराब निघाली’ म्हणून चार दिवस वाढतात ते त्यामुळे टळतं.

दुसरा दिवस उरलेलं खरवडणं आणि भेगा. केसासारखी भेग लांबीत बुजते. पण बीम आणि वीटकामाच्या सांध्यावर आडवी गेलेली भेग पत्र्याने इंग्रजी व्ही आकारात उघडून, धूळ झाडून, क्रॅक फिलरने भरावी लागते. लगेच वरून लांबी ओढली तर आतला फिलर बसतो आणि भेगेची रेघ पुन्हा दिसते. जाड भेगेला फिलर दोन टप्प्यांत भरून मध्ये रात्र द्यावी.

तिसऱ्या दिवशी प्रायमर. खरवडलेल्या जुन्या भिंतीवर लांबीखाली प्रायमर देणं सगळे करत नाहीत, आणि नवीन प्लास्टरवर सिमेंटची पुट्टी थेट भिंत ओली करून चालते हेही खरं. पण जुना रंग जागोजागी उरला असेल तर प्रायमर हवाच, नाहीतर भिंत कुठे पाणी शोषते, कुठे शोषत नाही आणि लांबी ठिकठिकाणी सुटते. याच दिवशी दरवाजे घासून त्यांना लाकडाचा प्रायमर देऊन टाकावा. त्याचं कारण पुढे येईल.

चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत लांबी. पहिला हात खालून वर, दुसरा आडवा किंवा उलट दिशेने. दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. भिंत इतकी वाकडी असेल की लांबीने सरळ करावी लागेल, तर ते काम लांबीचं नाही. तिथे पीओपी किंवा जिप्समचा पन्ना (भिंत सरळ करणारा जाड थर) लागतो आणि दिवसांचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. पुट्टी किती कालवतात तेही बघावं. सिमेंटची पुट्टी कालवल्यापासून दोन-तीन तासांत वापरून संपवायची असते. घमेल्यात घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी टाकून तो चालवला की भिंतीवर तो पुढे भुरभुरतो. दोन हातांना एक किलो पुट्टी १० ते १२ चौरस फूट जाते, म्हणजे २,१५० फुटांना ४० किलोच्या पाच पिशव्या. तीन पिशव्यांत ‘दोन हात’ झाले असं कुणी म्हणालं, तर एकच हात झालेला असतो.

आठवा आणि नववा दिवस घासाईचा. या टप्प्यावर सगळ्यात जास्त काटछाट होते. शंभर-एकशेवीस नंबरच्या पेपरने पत्र्याच्या कडा आणि रेघा काढायच्या, मग एकशेऐंशी-दोनशेवीसने गुळगुळीत करायचं. पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला हवा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या जागी भिंत खोलगट होते. सिमेंटची पुट्टी दुसऱ्याच दिवशी घासावी. चार-पाच दिवस तशीच ठेवली तर ती दगडासारखी होते, पेपर दुप्पट जातो आणि मेहनतही. म्हणून ‘आधी सगळ्या घरात लांबी भरू, मग दुसऱ्या साइटवर जाऊन येऊ’ हे कधी मान्य करू नये.

घासाई झाली की संध्याकाळी घरातले दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून सपाट वाटणाऱ्या भिंतीवर पत्र्याच्या रेघा, स्विचबोर्डभोवतीचा उंचवटा, दोन पट्ट्यांमधली नाली, सगळं सावल्यांसह दिसतं. तिथे पेन्सिलने गोल करून ठेवायचे. सकाळी कारागीर आले की प्रायमरच्या आधी तेवढं पुन्हा. या अर्ध्या तासाने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या रंगानेही पडत नाही. उलट चकाकी जास्त असलेला महाग रंग प्रत्येक दोष अधिक ठळक दाखवतो.

घासाईची धूळ कोरड्या कापडाने आणि कुंच्याने पूर्ण झाडल्याशिवाय प्रायमर लावू नये. धुळीवर बसलेला प्रायमर धुळीबरोबरच निघतो. हल्ली व्हॅक्यूम जोडलेली घासाईची यंत्रं आणणारे ठेकेदार आहेत. माणसं राहत असलेल्या घरात त्याचा खरा फायदा आहे. धूळ कमी उडते आणि घासाईच्या पाचांतल्या दोन हजेऱ्या तरी वाचतात. लांबी सुकायचे तास मात्र यंत्राने कमी होत नाहीत.

नवव्या दिवसाच्या दुपारपासून दहाव्यापर्यंत वरचा प्रायमर. प्रायमर टाळला की नवीन लांबी रंगातलं पाणी झटकन पिते, रंग कुठे गडद कुठे फिका दिसतो आणि मग दोन हातांऐवजी तीन लागतात. एक दिवस वाचवायला जाऊन एक दिवस आणि दहा-बारा लिटर महाग रंग असा तो सौदा ठरतो.

अकराव्या दिवशी रंगाचा पहिला हात. आधी छत, मग भिंती. रंग लागला की लांबीत राहिलेली बारीक छिद्रं आणि खड्डे अचानक उठून दिसतात. त्यामुळे बारावा दिवस लप्पीचा: खड्ड्यांत थोडी पुट्टी, ती सुकल्यावर बारीक पेपर, त्यावर प्रायमरचा हात. हा दिवस अंदाजपत्रकात बहुतेकांनी धरलेला नसतो. तेराव्या दिवशी दुसरा हात. लाल, गर्द पिवळा, नारिंगी यांसारख्या रंगांना तिसरा-चौथा हात लागतो, कारण त्यांची झाकण्याची ताकद कमी असते. एका भिंतीला असा रंग हवा असेल तर दुकानदाराकडून त्याखालच्या बेस कोटची शेड विचारून घ्यावी, एक हात वाचतो. चौदाव्या दिवशी प्लेट परत बसवणं, काचांवरचे शिंतोडे, फरशी.

दरवाजे तिसऱ्याच दिवसापासून का

दरवाज्यांना माणसाचे तास कमी लागतात, रात्री जास्त. घासणं आणि प्रायमर, रात्र. लांबी, रात्र. घासून पहिला हात, रात्र. मग दुसरा हात, आणि तो हात लावण्याजोगा व्हायला आणखी एक रात्र. भिंतींची कामं चालू असताना अधूनमधून दोन तास देत गेलं तर हे चौदा दिवसांत विनासायास बसतं. दरवाजे शेवटी ठेवले तर भिंती संपल्यावर एकटा माणूस चार दिवस येत राहतो आणि काम अठराव्या दिवशी संपतं. वॉटर बेस इनॅमल घेतलं तर दोन हात एकाच दिवसात बसतात आणि वासही कमी. मुलं किंवा वयस्कर माणसं घरात असतील तर दराचा फरक त्यासाठी द्यावा.

जुन्या चाळीत किंवा वाड्यात दरवाज्यांवर पन्नास वर्षांचे थर असतात. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. असे दरवाजे कोरडे घासू नयेत. ओला पेपर वापरावा, लहान मुलांना त्या दिवसांत घरात ठेवू नये आणि निघालेला भुगा ओल्या कापडाने पुसून काढावा, झाडूने उडवू नये. दिवस एखादा वाढतो, वाढू द्यावा.

ग्रिलचा गंज तारेच्या ब्रशने काढून लगेच त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) द्यायचं. समुद्राजवळ तर नक्कीच. मोकळं लोखंड रात्रभर राहिलं की सकाळी पुन्हा तांबूस झालेलं दिसतं.

पॉलिशचे दरवाजे, मेलामाइन किंवा पीयू (लाकडावरचे पारदर्शक लेप), हे वेगळं काम, वेगळा कारागीर. ते घासाईची धूळ पूर्ण बसल्यावरच करावं.

दिवस कशाने वाढतात

ओल. बाथरूमच्या पलीकडची भिंत, खिडकीखालचा भाग आणि वरच्या मजल्याच्या फ्लॅटचं छत, या तीन जागा आधी बघाव्यात. ओल असलेल्या भिंतीवर कोणताही वॉटरप्रूफ रंग आतून मारून काही साधत नाही. पाणी येतंच राहतं, लोणा (क्षारांची पांढरी पूड) फुटतो आणि रंग पोपड्यांनी सुटतो. आधी गळती बंद करायची, मग भिंत सुकू द्यायची, आणि त्याला दिवस नाही तर आठवडे लागतात. सुकली का हे बघायला दीड बाय दीड फुटांचं जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि १६ ते २४ तास ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं किंवा भिंत गडद झाली तर अजून थांबायचं. बाकी घर रंगवून ती एक भिंत तशीच सोडावी आणि दोन महिन्यांनी तेवढीच पुरी करावी. ठेकेदाराला हे आवडत नाही. कबूल करून घ्यावं.

नवीन घर. प्लास्टरला पाणी मारून झाल्यावर निदान २८ दिवस द्यावे लागतात. ताब्याची घाई आणि वास्तुशांतीचा मुहूर्त यांच्यामध्ये हे दिवस चिरडले जातात आणि वर्षभरात भिंतींवर पांढरी पूड आणि फिकट डाग उमटतात. मुहूर्त गाठायचाच असेल तर फक्त प्रायमर आणि रंगाचा एक हात द्यावा. दुसरा हात पुढच्या हिवाळ्यात.

बुरशी. काळे ठिपके नुसते पुसून वरून रंग मारला तर दोन महिन्यांत त्याच नकाशाने परत येतात. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, साध्या पाण्याने पुसून एक दिवस सुकवावं, मग प्रायमर. स्वयंपाकघरातल्या तेलकट भिंतींनाही असंच, ब्लीचिंगऐवजी धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी. तेलावर रंग धरत नाही.

घरात राहून काम. चौदा दिवसांचं काम एकेक खोली रिकामी करत केलं तर अठरा ते वीस दिवस जातात. सामान रोज इकडचं तिकडे होतं, तीन माणसांना एका खोलीत पुरेशी जागा नसते आणि लांबी सुकेपर्यंत सरकायला दुसरी खोली मोकळी नसते. निम्मं निम्मं घर हाच त्यातला शहाणपणाचा मार्ग. आधी दोन्ही बेडरूम पूर्ण, सगळं सामान हॉलमध्ये. मग उलट. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी आणि दोन दिवसांच्या वर बंद राहणार नाही असं आखून.

सोसायटी. बऱ्याच सोसायट्यांत कामाची वेळ सकाळी नऊ-दहा ते संध्याकाळी सहा, दुपारी दोन ते चार आवाज बंद, रविवारी काम बंद. घासाईच्या यंत्राला ही दुपार लागू होते. चौदा कामाचे दिवस म्हणजे कॅलेंडरवर सोळा-सतरा. परवानगीचं पत्र आणि अनामत रक्कम काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी द्यावी.

आणि सण. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि नवरात्र ते दिवाळी, या काळात चांगला कारागीर एकाच वेळी तीन साइटवर असतो. तुमच्याकडे सकाळी तिघं दिसतात, दुपारी एक. दिवाळीनंतर छठला आणि पुढे होळीला अनेक कारागीर गावी जातात, मे महिन्यात लगीनसराई. काम सगळ्यात सुरळीत होतं ते नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. हवा कोरडी, भिंती पावसाळ्यानंतर सुकलेल्या आणि भावही जरा बोलता येतो. दिवाळीला नवीन रंग हवाच असेल तर दिवाळीच्या किमान चाळीस दिवस आधी कामाला हात लावावा, म्हणजे चौदाचे वीस झाले तरी फराळ करायला घर मोकळं असेल.

बाहेरची बाजू

तळमजला अधिक एक अशा बंगल्याला बाहेरून पंधरा-सोळा दिवस धरावेत. परांची बांधायला दोन, पाण्याच्या दाबाने धुऊन शेवाळ काढायला एक, सुकायला दोन-तीन, भेगा आणि प्लास्टरच्या दुरुस्तीला तीन, प्रायमरला दोन, रंगाच्या दोन हातांना चार, परांची सोडायला एक. पावसाळा संपला म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करू नये. भिंतीतलं पाणी आणि परतीचा पाऊस दोन्ही बाकी असतात. कोकणात तर दिवाळी उलटू द्यावी. जांभ्याच्या उघड्या भिंती पाणी फार पितात, त्यांना आणखी थांबावं लागतं. सोसायटीच्या पाच-सात मजली इमारतीचं काम दुरुस्तीसह महिन्यांत मोजायचं आणि ते मे अखेर संपेल असं आखायचं.

ठेकेदाराशी लिहून काय घ्यायचं

टप्पे, हात आणि माणसं. ‘रोज किमान तीन माणसं, लांबी दोन हात, प्रायमर एक, रंग दोन, मध्ये लप्पी’ एवढी एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर घेतली तरी अर्धे वाद होत नाहीत. पैसे तारखेवर नको, टप्प्यावर द्या: सुरुवातीला २५ टक्के, घासाई टॉर्चने तपासून झाल्यावर ३०, रंगाच्या पहिल्या हातानंतर ३०, उरलेले १५ सफाई आणि टचअपनंतर आठवड्याने. शेवटचे पंधरा टक्के हातात असले की राहिलेलं ग्रिल आठवणीने होतं.

रंग एकदाच आणा. भिंतींचे १,५०० फूट धरले, तर मध्यम दर्जाच्या इमल्शनला दोन हातांत लिटरमागे ६० ते ७५ फूट जातात. म्हणजे २० लिटरची बादली आणि चार लिटरचा एक डबा. छताच्या पांढऱ्याला दहा लिटर. मशीनवर शेड पुन्हा काढून आणली तर तोच कोड असूनही डब्या-डब्यात किंचित फरक येतो. तो फरक भिंतीच्या मधोमध दिसतो, म्हणून एका भिंतीचे डबे आधी मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यावेत. पाणी डब्यावर सांगितलेल्या मापाने, आणि प्रत्येक बादलीत तेवढंच. कामाच्या शेवटी रंग पुरवायला पाणी वाढवलं की दुसरा हात पहिल्यापेक्षा फिका दिसतो.

काम संपलं त्या रात्री खिडक्या उघड्या ठेवून झोपता येतं, पण कपाटं भिंतीपासून चार-सहा इंच लांब असू द्या, निदान आठवडाभर. खिळे आणि फ्रेम आठवड्याने. भिंत ओल्या फडक्याने पुसायची तर दोन ते चार आठवडे थांबायचं, डबा कितीही ‘वॉशेबल’ म्हणत असला तरी. उरलेला लिटरभर रंग हवाबंद छोट्या डब्यात काठोकाठ भरून ठेवा आणि वर कंपनी, शेडचा कोड, खोली आणि महिना लिहा. रोलरचा टचअप ब्रशने केला तर ठिगळ दिसतं, त्यामुळे त्याबरोबर चार इंची रोलर धुऊन ठेवून द्या.